‘ग्राफिक डिझाइन स्टुडिओ निअर मी’ टाकलं की फ्लेक्सवालेच का दिसतात? नगरहून स्टुडिओ बघायला निघण्याआधी फोनवर करायचा अभ्यास

श्रीरामपुरात बसून गूगल मॅप्सवर ‘ग्राफिक डिझाइन स्टुडिओ’ शोधून बघा. काय येतं? फ्लेक्स बॅनर, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, अर्जंट पासपोर्ट फोटो, मधेच एखादा प्री-वेडिंग शूटवाला, आणि ‘१००% जॉब गॅरंटी’ लिहिलेले एक-दोन क्लास. डिझाइन कॉलेजात ज्या अर्थाने ‘स्टुडिओ’ म्हणतात, तसं त्यात बहुधा काहीच नसतं.

हा प्रश्न माझ्याकडे मावसबहिणीमुळे आला. ती डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजने सांगितलं, सुट्टीत तीन स्टुडिओंना भेट द्या, काम कसं चालतं ते बघा, अहवाल लिहा. कुठे जायचं, कुणाला विचारायचं, हे काही सांगितलं नाही. पुण्या-मुंबईच्या मुलांचं ठीक असतं, कुणाचा तरी काका किंवा सीनियर कुठेतरी कामाला असतोच. हिच्याकडे होते घरून मिळालेले तीन हजार रुपये आणि दोन दिवस. ‘दादा, तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना, मग दे ना शोधून!’ म्हटलं, शोधून देत नाही. शोधायचं कसं ते दाखवतो, पुढच्या वेळी माझी गरज नको.

त्यातून जे जमलं ते इथे लिहितोय. नगर जिल्ह्यातल्या डिझाइनच्या मुलांना हे थेट उपयोगी आहे, पण आर्किटेक्चर, फोटोग्राफी, अ‍ॅनिमेशन असं काहीही शिकत असाल तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

मॅप्सचा दोष नाही, प्रश्नाचा आहे

जवळची ठिकाणं दाखवताना गूगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं आणि हे त्यांनीच उघडपणे सांगितलं आहे. तुम्ही लिहिलेल्या शब्दांशी ते ठिकाण किती जुळतं, ते तुमच्यापासून किती लांब आहे, आणि ते किती ‘नावाजलेलं’ आहे. आता हे नावाजलेपण त्याला कसं कळतं? रिव्ह्यू किती आहेत, इतर वेबसाइटवर त्याचा उल्लेख किती आहे, अशा गोष्टींवरून. कामाचा दर्जा या हिशेबात कुठेच नाही. तो मोजायचा तरी कसा?

त्यात भर म्हणजे दुकानाचा प्रकार मालक स्वतः निवडतो. फ्लेक्सच्या दुकानदाराने यादीतून ‘ग्राफिक डिझायनर’ निवडलं तर ते खोटं नाही, तो दिवसभर कोरल ड्रॉमध्ये डिझाइनच करत असतो. त्याच्याकडे गिऱ्हाईक रोज येतं, रिव्ह्यू पडतात, तो वर येतो. याउलट पुण्या-मुंबईतल्या चांगल्या स्टुडिओकडे वर्षभरात मोजकेच क्लायंट असतात आणि त्यातला कुणी ‘बेस्ट सर्व्हिस, मस्ट व्हिजिट’ म्हणून पाच तारे देत बसत नाही. काहींची तर मॅप्सवर नोंदही नसते. त्यामुळे ‘निअर मी’ हा शोध वडापावसाठी उत्तम, स्टुडिओसाठी जवळपास निकामी.

आपल्याकडे नावांचा घोळ वेगळाच. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण जुन्या नोंदी, जुने पत्ते, जुन्या वेबसाइट अजून अहमदनगरच म्हणतात आणि माणसं नुसतं नगर म्हणतात. शोधताना दोन्ही नावं स्वतंत्र टाकून बघा, इंग्रजी स्पेलिंगसुद्धा दोन्ही. श्रीरामपूरकरांचं दुखणं आणखी निराळं. तुमच्या रेल्वे स्टेशनचं नाव बेलापूर. ‘बेलापूरजवळ डिझाइन स्टुडिओ’ टाकलं की सर्च इंजिन तुम्हाला उचलून थेट नवी मुंबईत नेऊन ठेवतं!

आधी काम शोधा, मग ते करणारा

सर्च बारमध्ये ‘स्टुडिओ’ हा शब्दच टाकू नका, हा माझा पहिला सल्ला. आवडलेल्या कामापासून सुरुवात करा आणि ते कुणी केलं याचा माग काढा. काम तर तुमच्या हातातच असतं. ज्यूसचं पाकीट, पुस्तकाचं मुखपृष्ठ, बँकेचं अ‍ॅप, आणि सगळ्यात जवळचं म्हणजे फोनवर तुम्ही आत्ता वाचताय ती अक्षरं.

बहिणीला देवनागरी अक्षरांची आवड, म्हणून आम्ही तिथूनच सुरुवात केली. गूगल फॉन्ट्सची साइट उघडा, भाषेच्या फिल्टरमध्ये मराठी निवडा. जो फॉन्ट आवडेल त्यावर टॅप केलं की खाली माहितीत तो बनवणाऱ्यांची नावं असतात. ‘मुक्त’ उघडा, ‘बलू’ उघडा, तो गुबगुबीत ‘मोदक’ उघडा. तिन्हीकडे एकच नाव भेटतं, एक टाइप. भारतीय लिप्यांसाठी अक्षरं घडवणारा हा मुंबईतला डिझायनरांचा गट. २०२२ मध्ये आलेला त्यांचा ‘अनेक’ हा फॉन्ट नऊ भारतीय लिप्या आणि रोमन अशा दहा लिप्यांत आहे, आणि व्हेरिएबल आहे. म्हणजे जाड-बारीक, रुंद-अरुंद अशा प्रत्येक रूपाची वेगळी फाइल लागत नाही, एकाच फाइलमध्ये स्लायडर सरकवल्यासारखं हवं ते रूप मिळतं.

तसंच ‘पॉपिन्स’ उघडा. अ‍ॅप बनवणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी वापरलेला हा फॉन्ट अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा आहे आणि त्यातली देवनागरी निनाद काळे यांनी काढली आहे. ‘हिंद’, ‘तेको’, ‘खंड’ हेही त्याच फाउंड्रीचे. ‘यात्रा वन’ची गंमत अशी की त्याची प्रेरणा मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्या आहेत. अर्ध्या तासात आमच्या कागदावर फाउंड्रींची, डिझायनरांची, शहरांची नावं जमली होती, आणि मॅप्सला हातही लावला नव्हता.

वेबसाइटवरची अक्षरं आवडली तर कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर ती क्रोममध्ये उघडा, अक्षरांवर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ करा आणि ‘कम्प्युटेड’ टॅबमध्ये अगदी तळाला जा. प्रत्यक्ष कुठला फॉन्ट दिसतोय ते तिथे लिहिलेलं असतं. फोनच्या क्रोममध्ये ही सोय नाही.

यातले बरेच फॉन्ट ओपन सोर्स आहेत, आणि सॉफ्टवेअरवाला म्हणून मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो. डाउनलोड केलेल्या झिपमध्ये लायसन्सची एक साधी टेक्स्ट फाइल असते. ती कुणी उघडत नाही. तिच्या पहिल्याच ओळीत प्रोजेक्टचं नाव, आणि बहुतेक वेळा गिटहबचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर गेलात की फॉन्ट कसा बदलत गेला ते दिसतं. कुणी म्हणतं अमुक जोडाक्षर चुकतंय, त्यावर चर्चा होते, दुरुस्ती होते. स्टुडिओत पाय न ठेवता त्यांच्या टेबलावर डोकावल्यासारखं आहे हे. भेटीला जाण्याआधी यातल्या दोन चर्चा वाचून गेलात तर तुम्ही विचारलेला प्रश्न ‘सर, इन्स्पिरेशन कुठून मिळतं?’ याच्यापेक्षा नक्कीच बरा असेल.

फॉन्ट सोडून पॅकेजिंग, ब्रँडिंग यात रस असेल तरी रीत तीच. पेपर बोटचं ते हातात धरावंसं वाटणारं पाकीट आठवा. ‘पेपर बोट पॅकेजिंग डिझाइन बाय’ एवढं शोधलं की पुण्यातल्या एलिफंट या स्टुडिओचं नाव येतं. १९८९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीतून बाहेर पडलेल्या मित्रमैत्रिणींनी सुरू केलेला हा स्टुडिओ, म्हणजे आपल्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. नगरपासून पुणे सुमारे १२० किलोमीटर, वाघोलीच्या ट्रॅफिकने दया दाखवली तर तीन-एक तास. इतक्या जवळचं ठिकाण ‘निअर मी’मध्ये येत नाही, कारण मॅप्सच्या हिशेबात ते लांब आहे.

आणि जागा म्हणजे फक्त कंपनीच असं नाही. मुंबईत पवईला आयआयटीमध्ये आयडीसी ही डिझाइनची शाळा १९६९ पासून आहे. रुपयाचं ₹ हे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारलं गेलं, ते काढणारे डी. उदय कुमार तिथलेच संशोधक विद्यार्थी. विंडोज कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं दिसत आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट ज्यांनी घडवला, ते र. कृ. जोशी तिथे शिकवायचे. तिथल्या आणि जे. जे. उपयोजित कला संस्थेच्या विद्यार्थ्यांची प्रदर्शनं भरतात, तारखा त्यांच्या सोशल मीडियावर येतात. स्टुडिओकडून उत्तर येणं-न येणं आपल्या हातात नसतं, पण प्रदर्शन गाठणं असतं. म्हणून दोन दिवसांचा बेत ठरवताना अशी एखादी तारीख धरून ठरवा.

जाता जाता एक सांगतो, कारण नगरच्या मुलांना हे कुणी सांगत नाही. ‘ज्ञानोदय’ हे मराठीतल्या सगळ्यात जुन्या नियतकालिकांपैकी एक, ते १८४२ मध्ये अमेरिकन मिशनने नगरमधूनच सुरू केलं. याच मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यात मराठीचे खिळे सुबक करण्याचं मोठं काम झालं. तिथे हाताखाली शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे १८६४ मध्ये स्वतःचा टाइपचा कारखाना काढला, तोच निर्णयसागर. तेव्हा अक्षरांच्या धंद्यात नगरचं काय काम, असं कुणी म्हणालं तर एवढं तोंडावर ठेवा.

नाव मिळालं, आता खरं-खोटं

यादीत साताठ नावं झाली की छाननी. इथे घाई करू नका, कारण पैसे आणि दिवस दोन्ही इथेच वाया जातात.

पोर्टफोलिओपासून सुरुवात करू. बिहान्स किंवा इन्स्टाग्रामवर चकाचक पाकिटं, बिलबोर्ड, कॉफीचे कप दिसतात. त्यातलं बरंचसं मॉकअप असतं. फोटोशॉपची तयार फाइल मिळते, तिच्यात एका लेयरवर तुमचं डिझाइन टाकलं की सुरकुत्या, सावली, उजेड सगळं आपोआप बसतं. दोन मिनिटांचं काम. मॉकअप वापरणं यात गैर काही नाही, सगळेच वापरतात. पण पोर्टफोलिओत फक्त मॉकअपच असतील आणि छापून बाजारात आलेल्या वस्तूचा एकही फोटो नसेल तर मनात खूण करून ठेवा. शंका आली तर ती प्रतिमा गूगल लेन्समध्ये टाका. तोच कॉफीचा कप, तोच हात, तेच लाकडी टेबल दुसऱ्या पन्नास लोकांकडे सापडलं तर ते मॉकअप. पण तेच डिझाइन दुसऱ्याच देशातल्या स्टुडिओच्या नावावर आणि आधीच्या तारखेने सापडलं तर विषय संपला, नाव खोडा.

बिहान्सवर प्रोजेक्टच्या तळाशी जा. प्रकाशनाची तारीख आणि मालकांची नावं असतात. एकाहून जास्त नावं असणं ही मला चांगली खूण वाटते, याचा अर्थ तिथे श्रेय वाटून घेतात. जिथे वीस प्रोजेक्ट आणि सगळ्यांवर फक्त संस्थापकाचंच नाव, तिथे काम करणाऱ्या मुलांचं काय होत असेल याचा विचार करा. उद्या त्या मुलांच्या जागी तुम्हीच असाल.

वेबसाइट असेल तर वेबॅक मशीनवर तिचा पत्ता टाका. ही इंटरनेटची मोठी रद्दी आहे, पण तारखेवार लावलेली. दोन-चार वर्षांपूर्वी ती साइट कशी होती ते दिसतं. खरा स्टुडिओ असेल तर काम वाढत गेलेलं दिसतं, लोक बदललेले दिसतात. ‘२००५ पासून सेवेत’ म्हणणाऱ्या साइटचं डोमेन कधी घेतलं ते ‘हू इज’ शोधातून फुकट कळतं. तीन महिन्यांपूर्वीचं निघालं तर विचारायला हवं. अर्थात स्टुडिओ नाव बदलतात, डोमेन बदलतात, त्यामुळे एवढ्यावरून कुणाला खोटं ठरवू नका.

कंपनी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असेल तर तिच्या लेटरहेडवर सीआयएन नावाचा २१ अक्षरी नंबर असावा लागतो. तो नुसता आकडा नाही, त्यात माहिती भरलेली असते. पहिलं अक्षर शेअर बाजारात नोंद आहे की नाही हे सांगतं, मग पाच आकडे धंद्याचा प्रकार, मग दोन अक्षरं राज्य, आणि त्यापुढचे चार आकडे म्हणजे कंपनी स्थापन झाल्याचं वर्ष. पंधरा वर्षांच्या अनुभवाच्या गप्पा आणि नंबरात गेल्या वर्षीचा आकडा, हे डोळ्यांनीच दिसतं. तसंच जीएसटी नंबर दिलेला असेल तर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता तो तपासता येतो. धंद्याचं नाव, नोंदणीची तारीख, चालू आहे की रद्द झाला, सगळं येतं. मात्र हे लक्षात घ्या की सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, आणि दोघांनी मिळून चालवलेला छोटा स्टुडिओ कंपनी नसूही शकतो. अशा छोट्या स्टुडिओत शिकायला उलट जास्त मिळतं असं माझं मत आहे. तेव्हा नंबर नाही म्हणून नाव कापू नका. नंबर दिलाय आणि तो खोटा निघाला, तर कापा.

पत्ता तपासायला स्ट्रीट व्ह्यू. भारतात ही सोय २०२२ च्या जुलैमध्ये दहा शहरांपासून सुरू झाली. दिल्ली, मुंबई, पुणे, नाशिक यांच्या यादीत चक्क आपलं नगरही होतं! तेव्हा सरावाला आधी माळीवाड्यात एक फेरी मारा आणि मग पुण्यातला पत्ता उघडा. पाटी दिसते का, इमारत ऑफिसची आहे की फ्लॅटची, बसस्टॉप किती लांब. फ्लॅटमध्ये स्टुडिओ असणं अगदी नेहमीचं आहे, त्याने घाबरू नका. पण नवख्या शहरात एकटं जायचं असेल तर घरच्यांना आधी हे चित्र दाखवून ठेवा, त्यांचाही जीव थाऱ्यावर राहतो.

‘तुमची निवड झाली आहे’

आम्ही यादी करत असतानाच बहिणीला इन्स्टाग्रामवर मेसेज आला. एका ‘क्रिएटिव्ह स्टुडिओ’ने तिची प्रोफाइल पाहिली म्हणे, स्टुडिओ व्हिजिट आणि दोन महिन्यांची इंटर्नशिप देतो म्हणे, फक्त नोंदणी आणि सर्टिफिकेटचे साडेसात हजार आजच्या आज भरायचे. तिच्या सगळ्या सहलीच्या अडीचपट रक्कम. घरात विचार सुरू झाला होता, उसने घेऊन भरावेत का. नाव मी लिहीत नाही, कारण अशांचं नाव दर दोन महिन्यांनी बदलतं. रीत तीच राहते.

आम्ही वरच्याच गाळण्या लावल्या. पोर्टफोलिओतली सहा चित्रं लेन्समध्ये टाकली, चार दुसऱ्यांच्या बिहान्सवर निघाली. डोमेन सात आठवड्यांपूर्वीचं. पत्ता विचारला तर ‘आधी नोंदणी, मग लोकेशन’. शेवटी यूपीआय अ‍ॅपमध्ये त्यांचा क्यूआर स्कॅन केला, पैसे न भरता. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर बँक खात्यातलं खरं नाव येतं, ते भलत्याच कुठल्यातरी माणसाचं होतं, स्टुडिओचं नाही. दहा मिनिटांत साडेसात हजार वाचले. मावशीने मला त्या दिवशी पुरणपोळी खाऊ घातली, हे वेगळं.

स्टुडिओ बघायला कुणी पैसे घेत नाही. ज्यात खरंच काही शिकवलं जातं अशी पैसे भरून करायची कार्यशाळा असू शकते, पण तिथे कोण शिकवणार, किती दिवस, कुठे, हे आधी लिहून मिळतं. आणि ‘आजच भरा’ हा शब्द दिसला की फोन खाली ठेवून चहा प्यायला जा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त.

मेल पाठवताना अक्षरं मोडू नका

आता खरा नाजूक भाग. पाच ठिकाणी मेल पाठवायचं ठरलं. सोबत पोर्टफोलिओची पीडीएफ. तिच्यात बहिणीने गावातल्या किराणा दुकानांच्या रंगवलेल्या पाट्यांवर केलेलं काम होतं, छान होतं. पण पीडीएफ उघडली आणि मराठी मजकुरात ‘किराणा’ची पहिली वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन बसलेली, जोडाक्षरं पाय मोडून पडलेली. अक्षरांवर काम करणाऱ्यांना अशी पीडीएफ पाठवणं म्हणजे गवयाला बेसूर गाऊन दाखवणं.

हे का होतं ते समजून घेऊ. देवनागरी लिहिताना आपण आधी ‘क’ टाइप करतो, मग वेलांटी. साठवतानाही तोच क्रम असतो. पण दाखवताना वेलांटी आधी यायला हवी. ही हलवाहलव करणारा सॉफ्टवेअरचा एक भाग असतो, त्याला शेपिंग इंजिन म्हणतात. अँड्रॉइड आणि क्रोममध्ये हार्फबझ नावाचं इंजिन हे काम गुपचूप करतं, म्हणून फोनवर आपल्याला कधी प्रश्न पडत नाही. इलस्ट्रेटरमध्ये मात्र भारतीय लिप्यांचा पर्याय बंद असेल तर अक्षरं आली तशी मांडली जातात. प्रेफरन्सेसमध्ये ‘टाइप’मध्ये जाऊन ‘शो इंडिक ऑप्शन्स’ चालू करा, आणि परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोझर निवडा. वेलांट्या जागेवर येतात.

आणखी बारकाई हवी असेल तर ‘ल’ आणि ‘श’ बघा. मराठी ‘ल’ला उजवीकडे उभा दांडा नसतो, हिंदी पद्धतीच्या ‘ल’ला असतो. कितीतरी फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं तरच मराठी रूप येतं, नाहीतर हिंदीचं. हे अर्ध्याहून जास्त मराठी वेबसाइट बनवणाऱ्यांना माहीत नसावं असा माझा संशय आहे. बहिणीने पीडीएफमधले ‘ल’ बदलले तेव्हा पान लगेच मराठी वाटायला लागलं.

याच निमित्ताने ती गल्लीतल्या फ्लेक्सच्या दुकानात जाऊन बसली, आणि माझ्या मते तिची पहिली स्टुडिओ भेट तीच. तिथले दादा श्री-लिपीत टाइप करतात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं हे सॉफ्टवेअर महाराष्ट्रातल्या डीटीपीचा कणा आहे. त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी ‘क’ हा ‘क’ नसतोच, कुठल्यातरी इंग्रजी अक्षराच्या जागी ‘क’चं चित्र बसवलेलं असतं. म्हणून तो मजकूर कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की कचरा दिसतो, आणि युनिकोडमध्ये आलेला मजकूर त्यांना आधी कन्व्हर्टरमधून काढावा लागतो. दिवसाला चाळीस बॅनर, प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं, समोर गिऱ्हाईक उभं, वाढदिवसाच्या बॅनरवर बावीस फोटो मावायलाच हवेत. या अडचणीत तो माणूस जे निर्णय घेतो ते बघायला मिळाले. हसू नका त्या बॅनरला. कॉलेजच्या अहवालात तिने या दुकानाला चार पानं दिली आहेत.

मेलचं तांत्रिक अंग थोडक्यात. जीमेलमधून २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जात नाही, ती आपोआप ड्राइव्हची लिंक होते. ड्राइव्हची लिंक मुळात ‘रिस्ट्रिक्टेड’ असते, समोरच्याला उघडायला परवानगी मागावी लागते. कामात गढलेला माणूस परवानगी मागत बसत नाही, मेल बंद करतो. म्हणून ‘एनीवन विथ द लिंक’ करा आणि इनकॉग्निटो टॅबमध्ये स्वतः उघडून खात्री करा. त्याहून चांगलं म्हणजे पीडीएफच ८-१० एमबीची ठेवा, स्क्रीनवर बघायला १५० पीपीआय पुरे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची वेळ आली तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून दाबून अक्षरांच्या कडा फाटतात. फाइलच्या नावात तुमचं नाव हवं. ‘पोर्टफोलिओ फायनल २ न्यू’ अशा फाइली त्यांच्याकडे आधीच पुष्कळ असतील.

मजकूर आठ-दहा ओळींचा. मी कोण, कुठून येणार, त्यांचं नेमकं कुठलं काम पाहिलं आणि त्याबद्दल काय विचारायचं आहे, कुठल्या दोन तारखांना येऊ शकते, अर्धा तास मिळेल का. ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम, युवर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन’वालं तयार पत्र नको, एआयने लिहून दिलेलं गोडगोड पत्रही नको, ते तीन ओळींत ओळखू येतं. मराठी अक्षरांवर काम करणाऱ्यांना मराठीत लिहिलं तरी चालतं, मला तर तेच बरं वाटतं.

पाचपैकी दोन ठिकाणांहून काहीच उत्तर नाही. आठवड्याने एकेक आठवण पाठवली, तरी नाही. एकाने कळवलं की क्लायंटच्या गुप्ततेमुळे बाहेरच्यांना आत घेत नाही, पण व्हिडिओ कॉलवर वीस मिनिटं देतो. दोघांनी बोलावलं, एक पुण्यात, एक मुंबईत. महिलांना एसटीत निम्मं तिकीट असल्याने तीन हजारांत दोन्ही बसलं, मुंबईत आत्याकडे मुक्काम.

आत गेल्यावर फोन खिशात ठेवायचा, हे मी तिला निघतानाच सांगितलं होतं. भिंतीवर, स्क्रीनवर, टेबलावर जे असतं ते बहुतेक वेळा अजून बाजारात न आलेलं काम असतं. तिथे काढलेली एक स्टोरी आणि त्या स्टुडिओची क्लायंटसमोर पंचाईत. विचारून काढा, आणि ज्याचा फोटो काढू देतील त्याचाच काढा. लोकेशन टॅग नको, पोस्ट करण्याआधी त्यांना दाखवा. वही न्या. तिने वहीत टेबलांचे नकाशे काढले, कोण कुणाच्या शेजारी बसतं, छापलेले नमुने कुठे टांगतात, रंग तपासायला दिवा कुठला लावतात. एके ठिकाणी तिने विचारलं, नाकारलेली डिझाइनं ठेवता का? त्यांनी एक कपाट उघडून दाखवलं आणि अर्ध्या तासाची भेट दोन तास चालली.